रुजवात कोणापाशी? नेपाळचा संक्रमणकाळ आणि समन्वयाची भाषा

नेपाळच्या महालेखापरीक्षकांचा वार्षिक अहवाल उघडला की एक शब्द वारंवार भेटतो : ‘बेरुजु’. रीत सोडून केलेला खर्च, हिशेब न दिलेली उचल, पुरावा न जोडलेली रक्कम, हे सगळे तिथे बेरुजु या सदरात जाते. हा शब्द पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कोश उघडावा लागला नाही. एका नागरी सहकारी बँकेत मी सव्वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढली. दोन वह्या समोरासमोर ठेवून आकडे ताडून पाहण्याला आम्ही रुजवात म्हणत आलो. जिची रुजवात झाली नाही ती रक्कम बेरुजू, हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. बी. कॉम. नंतरचे माझे सगळे वाचन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि नंतर संगणकावरून झाले. नेपाळची कागदपत्रे वाचायला लागून आता चौदा वर्षे होतील. नेपाळी भाषा देवनागरीत असल्याने अडखळत का होईना वाचता येते, आणि कारभाराचे अर्धेअधिक शब्द ओळखीचे निघतात. या वाचनातून एक प्रश्न मनात राहून गेला, तो या लेखाचा विषय आहे. एखादा देश राजकीय संक्रमणातून जात असताना तिथे ‘लोकशाही शासना’चे कार्यक्रम येतात. पैसा अनेक देशांचा, यंत्रणा अनेक मंत्रालयांच्या. या सर्वांचा मेळ घालणे हेच मग एक स्वतंत्र काम होऊन बसते. या कामाची रुजवात शेवटी कोणापाशी व्हायची?

कुलूप

२०११ च्या पावसाळ्यानंतर आम्ही घरची सात माणसे यात्रा कंपनीच्या बसने पशुपतिनाथाला गेलो होतो. पोखऱ्याहून चितवनकडे उतरताना बस बिघडली आणि एका गावात तीन तास थांबावे लागले. चहाच्या टपरीसमोर एक बैठी इमारत होती. दाराला कुलूप. पाटीवर ‘गाउँ विकास समितिको कार्यालय’ असे लिहिलेले. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखे हे कार्यालय असणार हे कळले. टपरीवाल्याला मी हिंदीत विचारले, आज सुट्टी आहे का? तो हसून म्हणाला, सुट्टी कसली, सचिव सदरमुकामाला असतो. सदरमुकाम म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण. मग सरपंच कुठे आहेत, असे विचारल्यावर त्याने सांगितले की निवडणूक झालीच नाही. केव्हापासून? त्याने बोटे मोजली आणि नऊ वर्षे म्हणाला.

त्याच कुलूप लावलेल्या दाराशेजारी भिंतीवर एक ताजा रंगवलेला फलक होता. त्यावर ‘वडा नागरिक मञ्च’ अशी अक्षरे होती आणि खाली नागरिकांच्या सहभागाविषयी चार ओळी. दाराला कुलूप आणि भिंतीवर सहभाग, हे चित्र मी घरी घेऊन आलो.

पंधरा वर्षांची पोकळी

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९० च्या जनआंदोलनाने नेपाळात बहुपक्षीय लोकशाही आणली. १९९७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या आणि १९९९ मध्ये ‘स्थानीय स्वायत्त शासन ऐन’ हा कायदा झाला. त्या काळच्या दक्षिण आशियात तो बराच पुढचा कायदा होता. पण फेब्रुवारी १९९६ पासून माओवाद्यांचे युद्धही सुरू झाले होते. गावविकास समित्यांच्या शेकडो इमारती या युद्धात उद्ध्वस्त झाल्या आणि सचिव जीव वाचवून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. जुलै २००२ मध्ये निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत संपली. सरकारने ती वाढवली नाही आणि निवडणूकही घेतली नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली. एप्रिल २००६ च्या आंदोलनाने ती गेली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला शांतता करार झाला.

यानंतरच्या काळाला नेपाळी भाषेत ‘संक्रमणकाल’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे ‘अनमिन’ हे मिशन २००७ च्या जानेवारीत आले. त्याने माओवाद्यांच्या १९ हजारांहून अधिक लढवय्यांची पडताळणी केली आणि जानेवारी २०११ मध्ये ते परतले. दोनदा लांबणीवर पडलेली संविधानसभेची निवडणूक १० एप्रिल २००८ रोजी झाली. ६०१ सदस्यांच्या या सभेत जवळपास एक तृतीयांश स्त्रिया होत्या, आणि २८ मे रोजी तिने राजेशाही संपवली. पण संविधान न देताच २८ मे २०१२ रोजी ती विसर्जित झाली. दुसरी सभा नोव्हेंबर २०१३ मध्ये निवडून आली, आणि भूकंपानंतर, २० सप्टेंबर २०१५ रोजी संविधान जारी झाले.

या सगळ्या धामधुमीत गावातले कुलूप तसेच राहिले. २००२ ते २०१७ अशी जवळजवळ पंधरा वर्षे नेपाळच्या एकाही गावात मतदाराने निवडलेला माणूस अधिकृतपणे खुर्चीवर नव्हता.

अशा देशात स्थानिक लोकशाहीचा कार्यक्रम राबवायचा तो कोणाबरोबर? हा प्रश्न कार्यक्रम आखणाऱ्यांनाही पडला असणार. त्यांनी दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

मागणीची बाजू, पुरवठ्याची बाजू

२००८ मध्ये ‘स्थानीय शासन तथा सामुदायिक विकास कार्यक्रम’ सुरू झाला. २०१३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला आणि तो २०१७ पर्यंत चालला. नेपाळचे स्थानिक विकास मंत्रालय त्याचे धनी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्था, आशियाई विकास बँक, ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क, स्वित्झर्लंड असे साहाय्यकर्ते होते. यापूर्वी प्रत्येक देणगीदाराची वेगळी योजना, वेगळा हिशेब, वेगळी गाडी असा प्रकार होता. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याने मदत देणाऱ्यांनी आपापसात मेळ राखावा आणि घेणाऱ्या देशाच्या व्यवस्थेतूनच पैसा जावा, असे ठरवले होते. नेपाळचा हा कार्यक्रम त्याच विचारातून आला. काही देणगीदारांनी पैसा एकत्र करून तो सरकारी तिजोरीमार्फत देण्याचे मान्य केले. बँकेतला माणूस म्हणून मला ही गोष्ट मोलाची वाटते. दहा खाती एका खात्यात आणणे किती अवघड असते ते मी पाहिले आहे.

कार्यक्रमाची मांडणी दोन बाजूंची होती. नागरिकांनी संघटित होऊन मागावे ही ‘मागणीची बाजू’. स्थानिक संस्थांनी सक्षम होऊन द्यावे ही ‘पुरवठ्याची बाजू’. मागणीसाठी प्रत्येक वॉर्डात पंचवीसेक जणांचा नागरिक मंच, वंचित वस्त्यांसाठी ‘नागरिक सचेतना केंद्र’ आणि हे सगळे चालवायला ‘सामाजिक परिचालक’. त्या वेळी गावविकास समित्या ३,९०० हून अधिक होत्या आणि प्रत्येकीत नऊ वॉर्ड, त्यावरून आवाका ध्यानात यावा. पुरवठ्यासाठी अनुदानाचे सूत्र होते. किमान अटी पाळल्या आणि कामगिरीत गुण मिळाले की जास्त पैसा. भांडवली अनुदानातला ३५ टक्के हिस्सा स्त्रिया, मुले आणि वंचित समूहांसाठी राखून ठेवला होता.

कागदावर यात खोट काढणे कठीण आहे. पण मांडणी ज्या भाषेत केली आहे तिच्याकडे पाहावे. मागणी आणि पुरवठा हे बाजारातले शब्द. बाजारात गिऱ्हाईक मागतो, दुकानदार देतो. माल पटला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातो. गावकऱ्याला दुसरे दुकान नसते. त्याच्याकडे एकच उपाय असतो, दुकानदार बदलणे. आणि नेमका तो उपाय इथे उपलब्ध नव्हता. नागरिक मंचाने ठरवलेली कामांची यादी वर जायची, आणि वर मंजुरी देणारा कोण, तर सदरमुकामाला राहणारा सचिव. किमान अटींमध्ये परिषदेने वार्षिक कार्यक्रम वेळेत मंजूर करणे ही एक अट असे. पण ती परिषद लोकांनी निवडलेलीच नव्हती. म्हणजे निवडून न आलेली परिषद वेळेवर भरली की लोकशाही शासनाचे गुण मिळत.

अशा कार्यक्रमांच्या आराखड्यात एक तक्ता असतो. उद्दिष्ट, निष्पत्ती, निदर्शक, पुरावा, आणि शेवटच्या रकान्यात गृहीतके व जोखीम. जे आपल्या हाती नाही ते या शेवटच्या रकान्यात लिहायचे. निवडून आलेल्या स्थानिक संस्था नसणे ही गोष्ट या रकान्यात जाऊन बसली. आमच्या बँकेत एखादे कर्ज वर्षानुवर्षे ‘वसुलीस विलंब’ या सदरात दिसू लागले की जुने लेखापरीक्षक विचारायचे, हा विलंब आहे की बुडीत आहे, ते एकदा सांगा. लोकशाहीच्या कार्यक्रमात मतदानच जोखमीच्या रकान्यात असेल, तर तोच प्रश्न विचारावा लागतो.

संयन्त्र

या काळातला दुसरा शब्द ‘सर्वदलीय संयन्त्र’. मराठीत संयंत्र म्हटले की गोबरगॅस किंवा सौरऊर्जा आठवते. नेपाळीत संयन्त्र म्हणजे कामकाज चालवण्यासाठी लावलेली व्यवस्था. निवडून आलेले लोक नाहीत, तर गावातल्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून सचिवाला सल्ला द्यावा, अशी ही सोय होती. शांततेसाठीही ‘स्थानीय शान्ति समिति’ याच धर्तीवर होत्या. हेतू वाईट नव्हता. कालपर्यंत एकमेकांवर बंदूक रोखणारे एका सतरंजीवर बसत होते, हे लहान काम नाही.

पण सर्व पक्ष आत बसल्यावर बाहेर कोण उरतो? विरोधी पक्ष नाही, म्हणजे हरकत घेणारा नाही. वाटे ठरले की बैठक संपली. गैरकारभाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ‘अख्तियार दुरुपयोग अनुसन्धान आयोगा’ने ही संयंत्रे बरखास्त करायला सांगितले आणि २०१२ च्या सुरुवातीला सरकारने ती मोडली. मोडली, पण त्यांच्या जागी निवडणूक आली नाही. पुन्हा सचिव एकटा उरला.

इथे मला दोन लेखकांची आठवण करावीशी वाटते. जेम्स फर्ग्युसन यांनी १९९० मध्ये लेसोथोतल्या एका विकासप्रकल्पावर ‘द अँटी-पॉलिटिक्स मशीन’ हे पुस्तक लिहिले. प्रकल्प फसला, पण फसतानाच त्याने दारिद्र्याचा राजकीय प्रश्न तांत्रिक करून टाकला आणि नोकरशाहीचा हात लांब केला, हे त्यांचे म्हणणे. नेपाळविषयी लिहिणारे अनेक जण या पुस्तकाचा आधार घेतात आणि समन्वयाच्या कार्यक्रमांनी राजकारण हद्दपार केले असे म्हणतात. माझे वाचन मला इथपर्यंत नेत नाही. नेपाळच्या गावात राजकारण भरपूर होते, पक्ष होते, झेंडे होते, भांडणे होती. नव्हते ते मत. फर्ग्युसन यांच्या यंत्रातून राजकारण गाळले जाते. नेपाळच्या संयंत्रात राजकारण शिल्लक राहिले आणि मतदार तेवढा गाळला गेला. हा फरक बारीक वाटेल, पण दोष कुणाच्या पदरात घालायचा ते त्यावर ठरते. कुलूप देणगीदारांनी घातले नव्हते. ते काठमांडूतल्या पक्षांनी घातले होते आणि देणगीदारांनी त्याच्याभोवती काम करायची सवय लावून घेतली.

दुसरे लेखक थॉमस कॅरॉथर्स. लोकशाही-साहाय्याच्या क्षेत्रात स्वतः वावरलेल्या या अभ्यासकाने २००२ च्या जानेवारीत ‘जर्नल ऑफ डेमॉक्रसी’मध्ये ‘द एन्ड ऑफ द ट्रान्झिशन पॅराडाइम’ हा निबंध लिहिला. हुकूमशाहीपासून दूर निघालेला प्रत्येक देश लोकशाहीकडेच चालला आहे, हे गृहीतक टाकून द्या, असे त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितले. संक्रमणात मोजल्या जाणाऱ्या शंभराच्या आसपास देशांपैकी खरोखर त्या वाटेवर असलेले वीसही भरत नाहीत, हा त्यांचा हिशेब. हा निबंध आला त्याच वर्षी नेपाळच्या स्थानिक संस्थांची मुदत संपली. तरी पुढची पंधरा वर्षे संक्रमणकाल हा शब्द तिथे कामाला येत राहिला. कुलूप का? संक्रमणकाल आहे. हिशेब का नाही? संक्रमणकाल आहे. संक्रमण म्हणजे इकडून तिकडे जाणे. आपल्याकडे मकरसंक्रांत एका दिवसात आटोपते. संक्रमणाला मुदत नसेल तर तो मुक्काम होतो, आणि मुक्कामाला राहणाऱ्यांचे त्यात हितसंबंध तयार होतात.

मात्र कॅरॉथर्स यांनी निवडणुकीवर फार भिस्त ठेवू नका असेही त्याच निबंधात बजावले होते. नुसत्या मतदानाने लोकशाही मुरत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. नेपाळचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो. निवडणुकीने सगळे होत नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या सगळ्या गोष्टींची रुजवात घालायला दुसरी वहीच नसते. मंचाची नोंद मंत्रालयाकडे, मंत्रालयाची नोंद देणगीदाराकडे, देणगीदाराची त्याच्या देशाच्या संसदेकडे. दर टप्प्यावर कागद जुळत जातो. ज्या गावासाठी हे चालले आहे तिथे मात्र ताडून पाहायला कुणी नसते. नेपाळीत उत्तरदायित्वाला ‘जवाफदेहिता’ म्हणतात. जवाफ द्यायचा तर आधी जाब विचारणारा हवा.

दुसरी बाजू

हा लेख इथेच थांबवला तर तो एकांगी होईल. मला ज्या आक्षेपाचे उत्तर देणे सर्वांत अवघड गेले तो असा : निवडणूक होत नाही म्हणून काय गावाला पंधरा वर्षे उपाशी ठेवायचे होते? पाणी, पायवाट, शाळेचे छप्पर हे संविधानाची वाट पाहत नाही. नागरिक मंच नसते तर यादीही सचिवाने सदरमुकामाला बसूनच केली असती. ३५ टक्क्यांचा नियम नसता तर दलित वस्तीचा वाटा कुणी मागितला असता?

हा आक्षेप मी मान्य करतो. माझे म्हणणे कार्यक्रम नको होता असे नाही. निवडणूक लांबण्यामागची कारणेही पोकळ नव्हती. मधेशी आणि जनजाती समूहांना जुन्या सीमांवर निवडणूक नको होती, कारण त्या सीमांनीच त्यांना विखरून ठेवले होते. आधी संविधान, मग पुनर्रचना, मग निवडणूक, हा क्रम समजण्यासारखा होता. पण प्रत्येक कारण सभ्य असले तरी त्यांची बेरीज पंधरा वर्षे होते. ही बेरीज मांडून दाखवणे समन्वय करणाऱ्यांचे काम होते, कारण सगळ्या वह्या त्यांच्याच टेबलावर येत होत्या. आराखड्यात एक ओळ पुरेशी होती : अमुक तारखेपर्यंत निवडून आलेली परिषद नसेल तर हा कार्यक्रम स्वतःला लोकशाही शासनाचा म्हणवणार नाही, नुसता ग्रामविकासाचा म्हणवील. पैसा थांबवायची गरज नव्हती, नाव खरे ठेवले असते तर पुरे होते.

कुलूप उघडल्यावर

२०१७ मध्ये तीन टप्प्यांत निवडणुका झाल्या. जुन्या समित्या मोडून ७५३ स्थानिक पालिका झाल्या होत्या. नव्या संविधानाने त्यांना २२ विषयांचे अधिकार स्वतःच्या हक्काने दिले. सुमारे ३५ हजार प्रतिनिधी निवडून आले, त्यांत चाळीस टक्क्यांच्या वर स्त्रिया. प्रत्येक वॉर्डातल्या चार सदस्यांपैकी दोन स्त्रिया आणि त्यातली एक दलित, असा नियमच होता. उपमहापौर किंवा उपाध्यक्षाकडे न्यायिक समिती आली, आणि त्या जागांवर बहुतेक ठिकाणी स्त्रिया होत्या. या पालिकांतही बेरुजु निघतो, आणि थोडाथोडका नाही. पण आता त्या बेरुजूला एक नाव आणि चेहरा असतो, आणि पाच वर्षांनी त्याच्यासमोर मतपेटी येते. मे २०२२ मध्ये ती आलीही.

हा लेख पुरा होत असतानाच सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटले. तरुणांच्या आंदोलनात सत्तरहून अधिक माणसे गेली, संसद आणि सिंहदरबार जळाले, काही ठिकाणी पालिकांची कार्यालयेही जळाली. पंतप्रधान ओली गेले. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या आणि प्रतिनिधिसभा विसर्जित झाली. पुन्हा संक्रमणकाल. पण या वेळी एक फरक होता. राजधानीत संसद नव्हती तेव्हाही ७५३ पालिकांत लोकांनी निवडलेली माणसे पदावर होती. २००२ मध्ये वरचे छप्पर उडाले तेव्हा खालच्या भिंतीही नव्हत्या. या वेळी त्या उभ्या होत्या. काही काळ्या पडल्या होत्या, तरी होत्या.

हे वाचताना मराठी वाचकाला नेपाळविषयी सहानुभूती वाटू लागली असेल, तर त्याने क्षणभर स्वतःच्या शहराकडे पाहावे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर २०२६ पर्यंत तिथे प्रशासक होते. कारणे इथेही सभ्य होती : इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचना, न्यायालयातले खटले. सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर जानेवारी २०२६ मध्ये कुठे निवडणुका झाल्या. आपल्या घटनेत तर मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे युद्ध झाले नव्हते, राजा गेला नव्हता, संविधान लिहायचे राहिले नव्हते.

मीही अशाच एका शहरात राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचे झाकण तुटले. मोबाइलवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खाली उतरून पाहिले तर झाकण तसेच तुटलेले. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली. कागदावर सगळे जुळत होते. पूर्वी अशा वेळी आम्ही नगरसेवकाच्या घरी जाऊन दार वाजवत होतो. तो फार कामाचा होता असे नाही. पण त्याला दार होते, आणि ते वाजवल्यावर त्याला बाहेर यावे लागे.

शेवटी शेजारच्या पोरांनी त्या खड्ड्यात झाडाची एक फांदी रोवली आणि तिला लाल फडके बांधले. तिथून जाता-येता मला ती पोखऱ्याच्या वाटेवरची बैठी इमारत आठवते. तिचे कुलूप उघडायला पंधरा वर्षे लागली. आपण आपली वर्षे मोजली ना?